कॉफीच्या बागेत वाढलात? परदेशात फिल्टर कॉफीचा धंदा असा उभा करा

माझं बालपण चिकमगळूर जिल्ह्यातल्या एका कॉफीच्या बागेत गेलं. बाग आमची नव्हती. आम्ही मूळचे बेळगावचे. वडील त्या बागेत ‘रायटर’ होते, म्हणजे मजुरांचं मस्टर, तोडणीची वजनं आणि खळ्यावरच्या मालाचा हिशेब त्यांच्याकडे असायचा. आज मी जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये आठवड्यातून दोन दिवस बाजारात फिल्टर कॉफी विकते, घरी न्यायला पावडरही देते. कोडगूकडची, वायनाडकडची, एकदा तर चिखलदऱ्याकडची मंडळीही गाड्यावर येऊन विचारून गेली, ‘ताई, आम्हीही बागेतलेच, आम्हाला जमेल का?’ जमतं. मी काय केलं, कुठे पैसे घालवले, ते सगळं इथे लिहिते.

आधी वही घ्या

भांडवलाच्या आधी एक वही घ्या आणि बागेतून तुम्हाला नेमकं काय मिळालं ते लिहा. धुकं, कोकिळा आणि सुगंध लिहू नका. हाताला, नाकाला आणि दाताला काय कळतं ते लिहा.

माझ्या वहीतली पहिली ओळ वडिलांच्या दातांची होती. डिसेंबर-जानेवारीत खळ्यावर पार्चमेंट वाळत पडलेलं असायचं. पार्चमेंट म्हणजे वरचा गर काढून, धुऊन, कवचासकट वाळवलेली बी. दुपारी चारच्या सुमारास वडील ढिगाच्या मधोमध हात खुपसून मूठभर बिया काढायचे, नखाने कवच सोलायचे आणि बी दाढेखाली धरायचे. दात रुतला तर अजून दोन दिवस ऊन. कट्कन आवाज झाला तर पोत्यात. नंतर ओलावा मोजायचं यंत्र आलं, ते दहा टक्क्यांच्या आसपास आकडा दाखवायचं, पण वडील आधी चावायचे आणि मग आकडा बघायचे. दुसरी ओळ आंबवण्याच्या टाकीची. बीवरचा चिकट थर सुटला का हे बघायला ओली बी मुठीत घेऊन चोळायची. नदीतल्या खड्यांसारखी खरखरली की धुवायला काढायची. उशीर झाला तर जो आंबूस, सडक्या कांद्यासारखा वास येतो, तो एकदा नाकात बसला की जन्मभर विसरत नाही.

हे ज्ञान इथे फार उपयोगी पडतं. पहिल्या वर्षी एका व्यापाऱ्याने मला ‘यंदाच्या हंगामाची धुतलेली अरेबिका’ म्हणून नमुना दिला. अरेबिका ही कॉफीची सौम्य जात, रोबस्टा ही कडक. बियांच्या कडा पांढुरक्या पडलेल्या होत्या, रंगातला निळसर हिरवेपणा गेलेला होता, आणि पिशवीत नाक घातलं तर जुन्या गोणपाटाचा वास. दोन पोती घ्यायची होती, घेतली नाहीत. बागेत वाढल्याचा पहिला फायदा मला तिथे मिळाला.

आता त्याच वहीत दुसरं पान उघडा आणि तुम्हाला काय येत नाही ते लिहा. माझी यादी लांब होती. भाजणं येत नव्हतं, दळण कळत नव्हतं, कर तर अजिबात नाही. बागेत वाढलेल्या बहुतेकांचं असंच असतं. आपण बी ओळखतो, पण भट्टी आपण पाहिलेली नसते, कारण माल बागेतून क्युरिंग वर्क्सला, म्हणजे कवच काढून बी निवडायच्या कारखान्याला, जातो आणि तिथून पुढे दिसेनासा होतो.

आणखी एक गोष्ट मान्य करायला मला वेळ लागला. आम्ही घरी चांगली कॉफी पीतच नव्हतो. चांगला माल विकला जायचा. घरात यायचा तो निवडून बाजूला पडलेला, काळ्या, तपकिरी आणि फुटक्या बियांचा माल, ज्याला धंद्यात बीबीबी म्हणतात. आई त्यात चिकोरी, म्हणजे एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ, घालायची आणि उकळतं दूध. आईच्या हातची चव जशीच्या तशी आणायची म्हणून मी सुरुवातीला स्वस्त रोबस्टा चेरी, म्हणजे न धुता फळासकट वाळवलेली बी, घेऊन बघितली. कडवट लागली, आणि लोकांनी कप अर्धे टाकले. माझ्या आठवणीतल्या कॉफीत गरम दूध, चिकोरीचा गोडसर दाटपणा आणि पितळी पेल्याचा चटका होता. बी नव्हतीच. म्हणून सांगते, आठवणीतली पद्धत घ्या. बी मात्र आज परवडेल तेवढी उत्तम घ्या.

पाकिटावर खोटं लिहू नका

पाकीट तयार करताना एका ओळखीच्याने सुचवलं, ‘आमच्या घराण्याची बाग’ असं लिही, लोकांना आवडतं. मी नाही म्हटलं. बाग घराण्याची होती, पण दुसऱ्याच्या. तोडणीला यायच्या त्या बायका लाइनीत, म्हणजे मजुरांच्या चाळीत, राहायच्या, किलोमागे मजुरी घ्यायच्या, आणि संध्याकाळी वडिलांच्या काट्यासमोर रांगेत उभ्या राहायच्या. त्यातल्या काहींनी मला हिरवं फळ आणि पिकलेलं फळ ओळखायला शिकवलं. त्यांना गाळून ‘घराण्याची बाग’ लिहायची माझी तयारी नव्हती. माझ्या पाकिटावर आहे ते असं: ‘माझे वडील बागेत हिशेब ठेवायचे. तिथे मी कॉफी ओळखायला शिकले.’ एवढ्यावर सहा वर्षं पाकिटं विकली जात आहेत. तुमची खरोखर बाग असेल तर जरूर लिहा, सर्व्हे नंबरासकट लिहा. नसेल तर जे खरं आहे ते लिहा.

बाबा बुडन यांची गोष्ट मात्र प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगावीशी वाटते. सतराव्या शतकात त्यांनी येमेनच्या मोखाहून कॉफीच्या सात बिया आणल्या आणि आमच्या चंद्रद्रोण डोंगरात लावल्या, अशी परंपरा आहे. ती परंपरा म्हणूनच सांगा, पुराव्याने सिद्ध झालेला इतिहास म्हणून नको.

माल कुठून आणायचा

बॅगेत पावडर भरून आणायची आणि इथे विकायची, हा विचार सोडून द्या. प्रवासी सामानातली सूट स्वतःच्या वापरासाठी असते.

भारतातून थेट आणायची तर पाठवणारा कॉफी बोर्डाकडे नोंदणी झालेला निर्यातदार हवा. ओळखीचा बागायतदार कितीही प्रेमाने ‘मी पाठवतो’ म्हणाला तरी त्याच्याकडे ती नोंदणी नसेल तर माल निघत नाही. शिवाय एक कंटेनर म्हणजे ६० किलोची तीनशेच्या वर पोती. नवख्या माणसाला ते झेपत नाही. मी हॅम्बुर्गच्याच आयातदाराकडून पोत्याने घेते. या गावाला कॉफीच्या व्यापाराचा जुना इतिहास आहे, बंदराजवळच्या लाल विटांच्या गोदामांत शतकाहून अधिक काळ कॉफीची पोती चढत-उतरत होती. भारतीय माल मागणारे कमी, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी विचारावं लागतं, पण मिळतो.

विचारताना बागेतली भाषा वापरा. ‘भारतीय कॉफी आहे का’ असं विचारलं तर मान्सून्ड मलबार, म्हणजे पावसाळी वाऱ्यात मुरवलेली कॉफी, दाखवतात, कारण इथे तीच ओळखीची. तुम्ही विचारा, प्लान्टेशन ए (धुतलेल्या अरेबिकाची मोठी बी) आहे का, पीबी (फळात एकटीच वाढलेली गोल बी) आहे का, रोबस्टा पार्चमेंट (धुतलेला रोबस्टा) आहे का, कोणत्या हंगामाचा. समोरच्याचं बोलणं लगेच बदलतं. माझं मिश्रण शंभरात पन्नास प्लान्टेशन ए, वीस पीबी आणि तीस धुतलेला रोबस्टा. रोबस्टा गाळू नका. दूध घातल्यावर कॉफी पुढे येते ती त्याच्यामुळे. फक्त तो धुतलेला असावा.

जंगलतोडीविरुद्धच्या युरोपीय कायद्यात कॉफीही आहे. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचा माल चालणार नाही, आणि जमिनीचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. अंमलाची तारीख पुढे सरकत आली आहे, म्हणून खरेदीच्या वेळी ताजी स्थिती बघा. कागद आयातदार सांभाळतो, तरी कोणत्या बागेचा माल ते लेखी मागून घ्या. आपल्याकडची कॉफी सिल्व्हर ओक, फणस, पांगारा यांच्या सावलीत, अंगावर मिरीचे वेल चढलेल्या झाडांखाली वाढते. ही गोष्ट इथल्या गिऱ्हाइकाला सांगण्यासारखी आहे आणि ती खरी आहे.

चिकोरीबद्दल

जर्मनीत सगळ्यात अवघड प्रश्न चिकोरीचा निघाला. आपल्याकडे ती फिल्टर कॉफीचा भाग आहे. इथे ती टंचाईची आठवण आहे. १७८१ मध्ये प्रशियाच्या दुसऱ्या फ्रेडरिक राजाने कॉफी भाजण्यावर सरकारी मक्तेदारी आणली आणि चोरून भाजणाऱ्यांना वासावरून पकडायला माणसं नेमली. कॉफी महाग, म्हणून लोक चिकोरी आणि जव भाजून पीत. पुढे दोन महायुद्धांत पुन्हा तेच. अशा नकली कॉफीला इथे ‘मुकेफुक’ म्हणतात.

माझ्या पहिल्या महिन्यात ऐंशीच्या घरातल्या एक बाई गाड्यापाशी आल्या, कप घेतला, एक घोट घेतला आणि थांबल्या. मग म्हणाल्या, ‘यात चिकोरी आहे. माझी आई युद्धानंतर हीच करायची. मला ही प्यायची नाही.’ त्यांनी कप अगदी सावकाश फळीवर ठेवला आणि गेल्या. मला फार वाईट वाटलं, आणि त्या रात्री मी ठरवलं की चिकोरी लपवायची नाही आणि लादायचीही नाही. तेव्हापासून गाड्यावर दोन फिल्टर असतात, एक निव्वळ कॉफीचा, एक वीस टक्के चिकोरीचा, आणि दोन्हींवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. निम्मे लोक आता मुद्दाम चिकोरीचा मागतात. त्या बाईही पुढे येऊ लागल्या, निव्वळ कॉफीचा घेतात.

भारतात कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. इथेही मिश्रण नुसतं ‘कॉफी’ म्हणून विकता येत नाही, घटक टक्केवारीसह लिहायचे. चिकोरी भारतातून आणायची गरज नाही, बेल्जियम आणि उत्तर फ्रान्सची भाजलेली चिकोरी सहज मिळते. घेताना अॅक्रिलामाइडचा, म्हणजे भाजताना तयार होणाऱ्या एका अपायकारक द्रव्याचा, तपासणी अहवाल मागा. भाजलेल्या चिकोरीत ते कॉफीपेक्षा जास्त असू शकतं, आणि अन्न निरीक्षक त्याबद्दल विचारू शकतात. चिकोरी हवेतला ओलावा ओढते. माझी दहा किलो मिसळलेली पावडर एका पावसाळी आठवड्यात दगडासारखी घट्ट झाली. तेव्हापासून मी आठवड्याला लागेल तेवढीच मिसळते.

भाजणं आणि दळण

भट्टी विकत घेऊ नका, निदान पहिली दोन वर्षं तरी नको. एखाद्या छोट्या रोस्टरकडून, म्हणजे कॉफी भाजणाऱ्याकडून, ठेक्याने भाजून घ्या. ६० किलो कच्च्या बीतून भाजून साधारण ५० किलो उरते, हिशेब त्यावर करा. इथले तरुण रोस्टर फिकट भाजतात. ती कॉफी काळी प्यायला छान, पण दुधात आंबट लागते. मी पहिल्यांदा घरून आणलेली भाजलेली बी नमुना म्हणून सोबत नेली आणि म्हटलं, ‘हा रंग.’ तेल पृष्ठभागावर यायच्या जरा आधी थांबायचं.

दळणाने मला एकदा फार रडवलं. ज्यांच्याकडे दळायला दिलं होतं, त्यांनी एस्प्रेसोइतकं बारीक दळून दिलं. मी रात्री फिल्टर लावून झोपले. पहाटे साडेचारला उठून झाकण काढलं, तर वरच्या भांड्यात पाणी तसंच, खाली चमचाभर काळं डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क. चाळणीची भोकं चिखलाने लिंपल्यासारखी बंद. साडेसातला बाजार उघडायचा होता. मी ते सगळं ओतून, घरातल्या छोट्या फिल्टरांत जुनी पावडर घालून जेमतेम वीस कप निघतील एवढं केलं आणि दहा वाजता गाडा बंद केला. त्या दिवसापासून दळण आल्यावर आधी चिमूट बोटांत चोळते. बारीक रव्यापेक्षा किंचित बारीक लागलं पाहिजे. पिठासारखं बोटाला चिकटलं की परत. चिकोरीच्या मिश्रणाला दळण किंचित जाड ठेवा, ती पाणी धरून ठेवते.

पाणी, दूध, माप

माझ्या भागातलं नळाचं पाणी जड आहे. त्यात डिकॉक्शन मंद आणि खडूसारखं लागतं. गाळणी बसवल्यावर फरक पहिल्याच दिवशी कळला.

दूध ३.८ टक्के स्निग्धांशाचं ताजं घ्या. टिकाऊ पाकिटातलं नको, त्याला शिजल्याचा वास असतो. इथलं दूध होमोजिनाइज केलेलं, त्यामुळे जाड साय येत नाही. सेंद्रिय दुकानात न केलेलं मिळतं, पण महाग पडतं. मी ते फक्त शनिवारी वापरते. दूध वाफेच्या नळीने फेसाळू नका. पातेल्यात गरम करा आणि डबऱ्यातून (पसरट वाटीतून) पेल्यात, पेल्यातून डबऱ्यात ओता. हात उंच जाऊ द्या. लोक थांबून बघतात हे खरं, पण ओतायचं ते त्यासाठी नाही. त्याने दूध आणि डिकॉक्शन एकजीव होतं आणि कप पिण्याइतका निवतो.

माझं माप असं: ४०० ग्रॅम पावडरीला अडीच लिटर पाणी, उकळी थांबल्यावर लगेच ओतलेलं. पहिले दोन पेले पाणी घालून पावडर फुगू द्यायची, पाच मिनिटांनी बाकीचं. खाली सुमारे १.७ लिटर डिकॉक्शन उतरतं. कपाला ३५ मिली डिकॉक्शन आणि ११० मिली दूध. म्हणजे पंचेचाळीस कप निघतात, सांडलवंड धरून. डिकॉक्शन पुन्हा उकळायचं नाही, फिल्टर उघडल्यावर सहा तासांपुढे वापरायचं नाही.

मराठी गिऱ्हाईक आलं की हमखास विचारतं, ‘जायफळ आहे का?’ आमच्या बेळगावच्या आजीची कॉफी तशीच, दुधात उकळलेली, जायफळ-वेलदोडा घातलेली. ती वेगळी कॉफी आहे आणि तीही चांगली आहे. मी जायफळ आणि लहान किसणी ठेवते, मागितलं तर वरून किसून देते.

कागद आणि कर

नोकरीच्या व्हिसावर असाल तर धंदा करता येतो असं धरून चालू नका. परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर हातात आल्यावरच पुढे जा. मग धंद्याची नोंदणी. अन्न हाताळणार म्हणून आरोग्य खात्याचं छोटं प्रशिक्षण घ्यावं लागतं, काम सुरू करताना तो दाखला तीन महिन्यांहून जुना नसावा. पाकिटं विकणार असाल तर पॅकेजिंगच्या नोंदवहीतही नाव हवं. पहिलं पाकीट विकण्याआधी.

आता कॉफीकर. जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोला २.१९ युरो वेगळा कर आहे. कच्च्या बीवर नाही. मिश्रणावर त्यातल्या कॉफीच्या प्रमाणानुसार टप्प्याने. दुसऱ्या युरोपीय देशातून भाजलेली कॉफी विकायला आणली तरीही हा कर लागतो, आणि आधी नोंद करावी लागते. इथे बरेच जण अडकतात. जर्मनीतच ठेक्याने भाजून घेतलं तर कर रोस्टर भरतो आणि तुमच्या बिलात लावतो, हे सगळ्यात सुटसुटीत. मूल्यवर्धित कराचा प्रकार आणखी बारीक आहे. पावडरीला ७ टक्के, पेयाला १९. पण घेऊन जायच्या कपात दूध निदान ७५ टक्के असेल तर ७. माझं ३५ ला ११० हे माप आधी चवीने ठरलं, नंतर सल्लागाराने सांगितलं की ते या नियमातही बसतं. तुमचं माप तुमच्या सल्लागाराला दाखवून घ्या.

पहिला बाजार

गाडा लावण्याआधी महिनाभर बाजार बघा. मी इझेमार्क्ट या इथल्या बाजारात दर मंगळवारी जाऊन उभी राहायचे, पुलाखाली, हातात वही. लोक कॉफी किती वाजता घेतात, उभ्याने पितात की घेऊन जातात, किती देतात. त्यावरून कळलं की सकाळचा वेळ हाच खरा. म्हणून मी दोन मोठे फिल्टर आदल्या रात्री लावते, तिसरा पहाटे पाचला. आधीचे दोन बाजार सुरू होताना उघडायचे. तिसरा थंडी असेल तरच लागतो.

कप साडेतीन युरो. पहिल्या हिवाळ्यात दिवसाला तीस कप जायचे, त्यात जागेचं भाडंही निघायचं नाही. पावडरीची पाकिटं सुरू केल्यावर हिशेब बसला. पण पाकीट तोच घेतो ज्याने आधी कप प्यायलेला असतो, म्हणून सुरुवात कपानेच करा. पाकिटासोबत मी हाताने लिहिलेली चिठ्ठी देते. फिल्टर नसेल तर फ्रेंच प्रेसमध्ये कशी करायची, तेही त्यात असतं.

भांडी स्टीलची ठेवा. पितळी डबरा-पेला दिसायला सुंदर, पण कल्हई उडाली की त्यात दूध ओतू नये, आणि इथे कल्हई करून देणारा मला अजून सापडलेला नाही. माझे आठ पितळी पेले मी फक्त बाजारातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी काढते. दर वेळी बेळगावला जाताना ते कपड्यांत गुंडाळून नेते. तिथल्या कल्हईवाल्याला निदान चार दिवस आधी कळवावं लागतं.